सर्व्हिसनंतर पुन्हा पुन्हा ऑइल गळतंय? फिल्टर आवळण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. एर्टिगा, इनोव्हा किंवा अशीच घरची सात आसनी गाडी. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून आणला, ऑइल मोजायच्या पट्टीवर माप बरोबर, गाडीही छान चालतेय. आठवडा जात नाही तोच पार्किंगच्या फरशीवर इंजिनाखाली काळे ठिपके दिसू लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकतं, गाडीच्या नंबरासकट. गॅरेजात नेली की पोरगा खाली सरपटतो, फिल्टरला पाना लावून अजून थोडा आवळतो, फडक्याने पुसतो आणि म्हणतो, "झालं काका, आता नाही गळणार." काही दिवस खरंच गळत नाही. मग ठिपके परत. पुढच्या सर्व्हिसला नवा फिल्टर बसतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दर सर्व्हिसनंतर परत येणारी गळती बहुतेक वेळा फिल्टर बसवण्याच्या पद्धतीतून येते, फिल्टरमधून नव्हे. आणि जास्त आवळणं हा तिच्यावरचा इलाज नाही, बऱ्याचदा तेच मूळ दुखणं असतं. म्हणून गळती नेमकी कुठून सुरू होते हे डोळ्यांनी दिसत नाही तोवर पान्याला हात लावू द्यायचा नाही. मेकॅनिक ओळखीचा असला तरी.

थेंब कशाचा आहे?

हास्यास्पद वाटेल, पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये "ऑइल गळतंय" म्हणून आलेल्या तक्रारींपैकी काही निव्वळ एसीच्या पाण्याच्या असतात. रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्राची दोन पानं पसरा, कोपऱ्यांवर दगड ठेवा. सकाळी पाण्याचा डाग वाळून कागद फक्त सुरकुतलेला दिसेल. ऑइलचा डाग वाळत नाही. कागद उजेडात धरला तर तिथं अर्धपारदर्शक दिसतो. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं असतं आणि बोटाला किंचित चिकट लागतं. जुन्या इनोव्हात हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग आहे, त्याचं तेल लालसर. एर्टिगात स्टीअरिंग इलेक्ट्रिक असल्याने तो संशय घ्यायचं कारणच नाही. गिअर ऑइलचा वास एकदा घेतला की विसरत नाही, उग्र आणि गंधकासारखा.

कागदाचा दुसरा फायदा असा की ठिपके कुठं पडलेत याची खूण राहते. कागदाच्या कडेवर पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवा. रोज नवा कागद टाकला तर ठिपके वाढतायत की कमी होतायत हेही कळतं, आणि हे कळणं फार महत्त्वाचं आहे. कारण खूपदा ही गळती नसतेच. फिल्टर सोडताना त्यातलं ऑइल ओघळतं, ते खालच्या आडव्या बीमवर आणि इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये साचतं. मेकॅनिकने ते नीट पुसलं नाही तर पुढे कितीतरी दिवस गाडी गरम झाली, एखादा चढ लागला की ते थोडं थोडं टपकत राहतं. अशा वेळी ठिपके रोज कमी होत जातात आणि पट्टीवरचं माप जागचं हलत नाही. उपाय एवढाच: कव्हर खोलून पुसायचं. त्यासाठी फिल्टर पुन्हा आवळून घेतलात तर नसलेला रोग विकत घेतलात.

उगम वर शोधायचा

ठिपके कमी होत नसतील तर आता शोध. ऑइल खाली वाहतं हे सगळ्यांना ठाऊक असतं; गाडी धावताना वाऱ्याने ते मागेही जातं हे विसरलं जातं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या, मागच्या कडेला थेंब लोंबत असेल तर गळती तिथंच असेल असं नाही. ती बहुतेक त्याच्या वर आणि पुढे असते.

त्यामुळे ओल्या इंजिनावर बघून काहीच ठरवता येत नाही. इंजिन गार असताना फिल्टर, त्याच्या बैठकीच्या आसपासचा भाग, चेंबरची कड आणि ड्रेनचा नट हे सगळं ब्रेक क्लीनरने किंवा रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने साफ करा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. रॉकेल वापरलंत तर वाफ जाईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, आणि इंजिनाच्या रबरी पट्ट्यांवर (बेल्टवर) ते उडू द्यायचं नाही. मग त्या भागावर घरातली साधी टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन दहा मिनिटं जागेवर चालवा, बंद करा, टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ काळी उमटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे उगम. जागेवर दिसलं नाही तर कात्रजचा घाट चढून उतरून या आणि परत बघा. घाटात इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं, आणि जी गळती सोसायटीच्या आवारात लाजते ती तिथं तोंड दाखवते.

रेघेचं वरचं टोक सहसा चारपैकी एका जागी सापडतं: फिल्टरची बैठक, ड्रेनचा नट, फिल्टरशेजारचा ऑइल स्विच (ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लावणारा), नाहीतर पार वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग. बैठकीपासून सुरुवात करू, कारण "दर सर्व्हिसनंतर" हे शब्द तक्रारीत असतील तर संशयित क्रमांक एक तीच.

फिल्टरची बैठक

मारुतीच्या पेट्रोल इंजिनांवर आणि २०१६ पर्यंतच्या डिझेल इनोव्हावर फिरवून बसवायचा पत्र्याच्या डब्याचा फिल्टर येतो. डब्याच्या तोंडावर रबरी रिंग, आणि ती इंजिनावरच्या मशीन केलेल्या गुळगुळीत गोल पट्टीवर दाबून बसते. सगळं सील त्या एका रिंगेवर. गार इंजिन चालू करताना आतलं घट्ट ऑइल याच रिंगेवर सगळ्यात जास्त दाबाने येतं. त्यामुळे गळती असली तर ती सकाळी पहिल्या सुरुवातीला अधिक दिसते.

पहिली गोष्ट, जुनी रिंग. फिल्टर वर्षभर तापून-गार होऊन बसलेला असतो, त्यातून तो कोरडाच बसवला असेल तर रबर इंजिनाच्या पट्टीला चिकटून राहतं. डबा निघतो, रिंग मागेच. खालून झोपून, तोंडावर ऑइल पडू नये म्हणून मान वळवून काम करणाऱ्या माणसाला काळ्या ऑइलात भिजलेली काळी रिंग दिसत नाही. तो नवा डबा फिरवून बसवतो. आता दोन रिंगा एकावर एक. कुकरच्या झाकणात जुन्या रिंगेवरच नवी बसवून शिट्टीची वाट बघण्यातला हा प्रकार. काही वेळा ही जोडी बरेच दिवस टिकून फक्त झिरपते आणि मालकाला वाटतं किरकोळ आहे. मग एखाद्या गार सकाळी दाबाने बाहेरची रिंग एका बाजूला फेकली जाते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं. हायवेला असं झालं तर इंजिनच जातं.

हे टाळायला मोठी विद्या लागत नाही. जुना फिल्टर हातात घेऊन त्याच्या तोंडावर रिंग आहे का ते बघायचं. एवढंच. गॅरेजात उभे असाल तर सरळ विचारा, "दादा, जुनी रिंग फिल्टरबरोबर निघाली ना? दाखवा जरा." चांगला मेकॅनिक यावर रागावत नाही, तो आधीच दाखवतो. रागावणारा भेटला तर तेही कळलेलं बरं.

दुसरी गोष्ट, पट्टीची सफाई. नवा फिल्टर लावण्याआधी पट्टीवरून कोरडं, धागे न सुटणारं फडकं फिरवायचं आणि मग बोट. वाळूचा एक कण, जुन्या रबराचा एक तुकडा, फडक्याचा एक दोरा पुरेसा असतो. पट्टीवर ओरखडा असेल तर तो कुठून आला हेही विचारा. त्याचं उत्तर सहसा थोडं खाली, जास्त आवळण्याच्या गोष्टीत आहे.

तिसरी, आणि इथंच घोडं पेंड खातं: आवळण्याचं माप. जवळपास प्रत्येक फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर ते छापलेलं असतं. नव्या रिंगेला बोटाने स्वच्छ ऑइल लावा, डबा हाताने फिरवत आणा, रबर टेकल्याचं हाताला कळेल, तिथून पुढे बहुतेक फिल्टरांना साधारण पाऊण फेरा. बस. डब्यावर मार्करने उभी रेघ मारली की पाऊण फेरा कुठं संपतो ते दिसतं. कोरडी रिंग फिरवली तर ती पट्टीला धरून पिळवटते, एका जागी घडी पडते, आणि ती घडीच पुढे झिरपते. ऑइल लावून पाऊण फेरा फिरवलेली रिंग सारखी दाबली जाते.

आपल्याकडे मात्र "घट्ट म्हणजे चांगलं" ही समजूत पक्की. चेन पाना लावून दीड-दोन फेरे आवळलेला फिल्टर सुरुवातीला गळत नाही. पण रबर गरजेपेक्षा जास्त चेपलेलं असतं. तापणं-गार होणं सुरू झालं की त्याची उसळी जाते आणि काही महिन्यांत ते झिरपू लागतं. पुढच्या सर्व्हिसला हा फिल्टर सुटत नाही. मग पेचकस आरपार ठोकून, त्याचा दांडा करून तो फिरवला जातो. डबा फाटतो, कधी त्याची तळाची जाड चकती आणि रिंग इंजिनावरच राहते, ती छिन्नीने काढताना पट्टीवर ओरखडा पडतो. आता नवा फिल्टर कितीही चांगला घेतला तरी त्या ओरखड्यातून ऑइल येणारच. आणि ते थांबवायला मेकॅनिक काय करतो? अजून आवळतो. दर सर्व्हिसला परत येणारी गळती अशी तयार होते. यात कुणाचं कपट नाही, एकेक माणूस आपलं काम उरकत जातो.

फिल्टर अडकलाच असेल तर पेचकसाआधी दोन उपाय आहेत. डबा रॉकेलने पुसून कोरडा करायचा आणि त्याभोवती पॉलिश पेपर, खरखरीत बाजू डब्याकडे ठेवून, गुंडाळून हाताने फिरवायचा. किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून त्यावर पाना. आणि डब्याच्या मापाचा टोपीसारखा फिल्टर पाना मिळतो, घरी काम करणाऱ्याने तो घ्यावाच. चेन पाना फक्त काढायला, बसवायला कधीही नाही.

१.३ लिटरच्या डिझेल एर्टिगाचं प्रकरण वेगळं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण या इंजिनाच्या एर्टिगा पुण्यात अजून भरपूर फिरतात. त्यात डबा नाही. झाकणाच्या आत कागदी फिल्टर बसतो आणि सील झाकणावरची ओ-रिंग करते. इथली नेहमीची गफलत म्हणजे कागदी फिल्टर नवा आणि ओ-रिंग जुनी. नव्या फिल्टरच्या पाकिटात ओ-रिंग येते, ती पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते. जुनी ओ-रिंग काढून हातात घ्या: गोल असायची ती चपटी, कडक झालेली दिसेल. नवी रिंग ऑइल लावून तिच्याच खाचेत बसवायची, एक खाच वर किंवा खाली नव्हे. झाकणही जास्त आवळलं तर तडकतं.

खालचा नट

पावडरीवरची रेघ चेंबरच्या तळाशी सुरू होत असेल तर फिल्टर निर्दोष आहे. ड्रेनच्या नटाखाली ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा मऊ वायसर असतो. तो एकदाच दबण्यासाठी केलेला आहे. दबून तो नटाच्या आणि चेंबरच्या बारीक खडबडीत जागा भरतो. दुसऱ्यांदा वापरला की भरायला त्याच्यात काही उरलेलं नसतं, म्हणून माणूस नट जास्त आवळतो. किरकोळ किमतीचा वायसर वाचवायला चेंबरचे आटे पणाला लावले जातात. काही गाड्यांत रबर चढवलेला वायसर येतो, त्याचंही हेच.

आटे गेले असतील तर नट फिरतो पण कडक होत नाही, किंवा अमुक एका जागी कडक होऊन पुढे पुन्हा सैल लागतो. टेफ्लॉन टेप आणि एम-सील हे इथले लाडके उपाय, दोन्ही नकोत. टेपचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतात. चेंबर काढून चांगल्या लेथवाल्याकडे हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घ्या, किंवा नवं चेंबर टाका. थोडे मोठे आटे पाडून ओव्हरसाइज नट लावतात, तेही चालतं, पण ते चेंबर काढून करायचं. जागेवर केलं तर धातूचा कीस आत पडतो.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. सात माणसं, डिकीत बॅगा, वर पाण्याचे कॅन, अशी भरलेली गाडी जेजुरीला किंवा कोकणात निघाली की स्पीडब्रेकरला पोट घासतं. चेंबरला पोचा आला की त्याची कड थोडी उचलली जाते आणि तिथलं सीलंट सुटतं. अशी गळती योगायोगाने सर्व्हिसनंतर दिसते, कारण सर्व्हिस प्रवासाच्या आधी करून घेतलेली असते. खाली वाकून पोचा आहे का ते बघा, मेकॅनिकशी भांडण्याच्या आधी.

वरून येणारी गळती

ऑइल स्विच पुष्कळ इंजिनांवर फिल्टरच्या जवळपासच असतो. त्याच्या प्लास्टिकच्या भागातून ऑइल झिरपतं आणि फिल्टरच्या डब्यावरून ओघळतं, त्यामुळे आळ फिल्टरवर येतो. स्विचची वायर काढून जोडणीच्या आत बघा. आत ऑइल असेल तर स्विच बदला, काम संपलं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग जुनं होऊन कडक झालं की ऑइल हेडच्या कडेने खाली येतं. जास्त चाललेल्या गाड्यांत हे असणारच. पण नवं पॅकिंग टाकूनही वर्षाच्या आत पुन्हा झिरपायला लागलं, तर पॅकिंगला दोष देऊ नका, पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. पिस्टनच्या बाजूने चेंबरमध्ये उतरलेला वायू याच वाटेने परत इनटेकमध्ये जातो. शहरात सकाळ-संध्याकाळ हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीत, नाहीतर फक्त शाळा आणि भाजीपुरत्या फिरणाऱ्या गाडीत, ही वाट चिकट गाळाने तुंबते. वायूला बाहेर पडायला जागा राहत नाही, आत दाब वाढतो आणि ऑइल प्रत्येक पॅकिंगमधून, सीलमधून बाहेर ढकललं जातं. इंजिन जागेवर चालू असताना ऑइल भरायची टोपी सावकाश सैल करून बघा. धुराचे फुत्कारे जोरात येत असतील तर आधी हा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप साफ करा किंवा बदला. त्यानंतरही फुत्कारे तसेच राहिले तर पिस्टन रिंगांची तपासणी करावी लागेल, आणि ते वेगळं, खर्चिक प्रकरण.

जास्त भरलेलं ऑइल हाही एक प्रकार. साडेतीन लिटरचा कॅन आणलाय म्हणून तो पुरा ओतला जातो, गाडीला लागत असो वा नसो. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून पट्टी बघा. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर जादाचं काढून टाका. लागणारं माप गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरसकट आणि फिल्टरविना असं दोन्ही दिलेलं असतं.

गळत नाही, पण सकाळी खडखडतं

ही गळती नव्हे, पण फिल्टर बदलल्यानंतर वारंवार येणारी तक्रार म्हणून इथंच सांगतो. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखड आवाज आणि लाल ऑइलचा दिवा जरा उशिरा विझतो. फिल्टरच्या आत रबराचा एक पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत खाली उतरू नये म्हणून. हलक्या फिल्टरमध्ये हा पडदा लवकर ताठरतो, फिल्टर रात्रीत रिकामा होतो आणि सकाळी तो भरेपर्यंत वरचे भाग कोरडे फिरतात. फिल्टर बदलण्याच्या आधी हा आवाज नव्हता आणि नंतर सुरू झाला, तर चांगला फिल्टर घालून बघा. आवाज गेला तर प्रश्न मिटला. नाही गेला तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर तपासायला सांगा.

नवा फिल्टर बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू करताना दिवा काही सेकंद पेटलेला राहतो, ते ठीक. तोवर ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. पण चालत्या गाडीत तो लाल दिवा पेटला तर "सोसायटीपर्यंत तरी जाऊ" हा विचारही करू नका. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाब जाऊन इंजिन बसायला वेळ लागत नाही. बाजूला घ्या, लगेच बंद करा, टो करून न्या.

फिल्टर विकत घेताना

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत एकाच गाडीचे फिल्टर निरनिराळ्या भावांत मिळतात. "हाच बसतो, डब्याचं माप सारखंच आहे" यावर विश्वास ठेवू नका. मारुतीच्या पेट्रोल इंजिनांना २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतात. टोयोटाच्या अनेक इंजिनांना पाऊण इंची, इंचाला १६ आटे असलेला फिल्टर लागतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या मापाचा डबा लहान आट्यावर चढतो, थोडा घट्टही होतो, आणि दाब आला की सुटू शकतो. म्हणून फिल्टर पार्ट नंबरावर घ्यायचा, गाडीचं नाव, वर्ष आणि इंजिन सांगून. एर्टिगा २०१२ पासून विकली जातेय आणि दरम्यान तिची इंजिनं बदललीत. नुसतं "एर्टिगाचा द्या" म्हणून चालत नाही.

नकली मालही येतो, खोक्यासकट. छपाई पुसट, होलोग्राम कागदासारखा, रिंग खाचेत सैल, तोंडातून आत बघितलं तर कागदाच्या घड्या वेड्यावाकड्या, ही लक्षणं. पक्कं बिल मागितल्यावर दुकानदार तोंड वाकडं करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

काम करून घेताना किंवा स्वतः करताना

पुण्यात घरी ऑइल बदलायची हौस असलेले बरेच आहेत आणि सोसायट्यांच्या नियमांत ते सहसा बसत नाही. तरी करायचंच असेल तर सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडणी, हँडब्रेक आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. बेसमेंटच्या उतारावर तर नाहीच. इंजिन कोमट हवं. गाडी आत्ताच घाट उतरून आली असेल तर ऑइल हात भाजेल इतकं गरम असतं.

फिल्टर आणि नट बसवून झाल्यावर दोन्हीभोवतीचा भाग पुसून कोरडा करा. पट्टीवर माप बघा. इंजिन चालू करा, दिवा विझला की खाली टॉर्च मारून बघा, पाच मिनिटं चालवून पुन्हा बघा. बंद करून थोड्या वेळाने पट्टी परत बघा, नव्या फिल्टरने थोडं ऑइल पिऊन घेतलेलं असतं, तेवढं भरा. नंतर खालचं प्लास्टिक कव्हर बसवा. गॅरेजात हीच तपासणी कव्हर बसण्याआधी करायला लावा, कारण कव्हर लागल्यावर गळती दिसायला कितीतरी दिवस जातात. मार्करने फिल्टरच्या डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी फिल्टर खरंच बदललाय की नुसता पुसलाय, हेही कळतं.

जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं आणि ते परवानाधारक प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. बांधकामाच्या फळ्यांना लावायला किंवा वाळवीवर शिंपडायला कुणी मागितलं तरी देऊ नका. बंद कॅनमध्ये भरून मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारा, तिथं साठवण्याची सोय असते. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवा. निथळलेल्या ऑइलात चकाकणारे धातूचे कण दिसले तर गळती विसरा आणि आधी इंजिन दाखवा.

एवढं सगळं नीट होऊनही पावडर काही सांगत नसेल, तर ऑइलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाकून शोध घेतात. चांगल्या गॅरेजांकडे तो रंग आणि दिवा असतो. गाडी एक-दोन दिवस चालवायची आणि अंधारात बघायचं. उगम क्रँकच्या पुढच्या सीलशी किंवा टायमिंग कव्हरच्या कडेला निघाला तर मजुरी मोठी असते. अशा वेळी घाई नको. दर रविवारी गार इंजिनावर पट्टी बघून माप वहीत लिहा. दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरत नसेल आणि थेंब एक्झॉस्टच्या पाइपवर किंवा पट्ट्यांवर पडत नसेल, तर टायमिंगचं काम निघेपर्यंत थांबायला हरकत नाही. तेव्हा त्याच खोलण्यात सील बदलून होतं. तोपर्यंत इंजिनाखाली पुठ्ठा ठेवा.